उसातली बाही : हवाईतले सात दिवस

पहिला दिवस, होनोलुलू

टोकियोहून होनोलुलूला विमानाने सात तास लागले. रात्री निघालो आणि वाररेषा ओलांडून त्याच तारखेच्या सकाळी उतरलो. भाचा आणि भाचेसून न्यायला आले होते. गळ्यात फुलांचा हार घातला, तो देवचाफ्याचा. आमच्या विहिरीजवळच्या झाडाचाच वास.

इतक्या लांब मी का आले, ते आधी सांगते. आमचं गाव कृष्णाकाठचं, उसाचं. आई पाचट काढायला जाताना लुगड्यावर दादांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवायची. उसाच्या पानाची कड वस्तऱ्यासारखी, आणि पान जिथे कांड्याला धरतं तिथे बारीक कूस असते. ती अंगात शिरली की रात्रभर खाजवत बसायचं. म्हणून तो शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला, आणि डोक्याला आवळून टॉवेल. हे मी कधीतरी भाचेसुनेला सांगितलं होतं. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "मावशी, शेजारच्या आंटींकडे त्यांच्या आजीचं जाकीट आहे. ती जपानहून इथे उसात कामाला आली होती. बाह्या बघितल्या आणि मला तुमच्या आईची गोष्ट आठवली." त्या दिवसापासून मी या प्रवासासाठी पैसे बाजूला टाकत होते.

आंटी म्हणजे निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर, जपानी घराण्याची तिसरी पिढी. इथे वयाने मोठ्या बाईला सगळेच 'आंटी' म्हणतात, ओळख असो वा नसो. मला तर परक्या गावी आल्यासारखं वाटलंच नाही.

संध्याकाळी वायकिकीला चक्कर मारली. तिथे हवाईचा राजा कालाकाउआ याचा पुतळा आहे. जपानी वंशाच्या लोकांनी त्यांच्या आगमनाच्या शंभरीनिमित्त तो दिला. या राजाने १८८१ साली जगाचा प्रवास केला, तेव्हा जपानला जाऊन मळ्यांसाठी माणसं पाठवण्याचं बोलणं काढलं. त्याच प्रवासात तो कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईलाही आला होता. चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १८८५ला, 'सिटी ऑफ टोकियो' हे जहाज होनोलुलूला लागलं. त्यात नऊशेहून जास्त जपानी माणसं होती, तीन वर्षांच्या करारावर आलेली.

दुसरा दिवस

आज जाकीट बघायचं, म्हणून मी पहाटेच तयार होऊन बसले होते. पण आंटींनी निरोप पाठवला, "आधी जपानी सांस्कृतिक केंद्रात जाऊन या. नाहीतर ते तुम्हाला नुसतं फाटकं कापड दिसेल."

हे केंद्र मोइलीली भागात आहे. तिथल्या कायमच्या प्रदर्शनाचं नाव 'ओकागे सामा दे'. जपानी माणसाला "कसं काय चाललंय?" विचारलं की तो असं उत्तर देतो. भाच्याने त्याचा अर्थ लांबलचक करून सांगितला. मी म्हटलं, अरे, "तुमच्या आशीर्वादाने बरं चाललंय", एवढंच ना! दाराशी दगडी खांब आहेत, त्यांवर एकेक शब्द कोरलेला. 'गामान', म्हणजे सोसणं. 'कोदोमो नो तामे नी', म्हणजे मुलांसाठी. त्या दुसऱ्या खांबापाशी मी बराच वेळ उभी होते.

पहिली माणसं आली १८६८ साली, दीडशेच्या आसपास. जपानच्या मेईजी राजवटीचं ते पहिलं वर्ष, म्हणून त्यांना 'गान्नेनमोनो', पहिल्या वर्षाची माणसं, म्हणतात. मग १८८५ ते १८९४ या काळात सरकारी करारावर सुमारे २९ हजार आली, बहुतेक हिरोशिमा, यामागुची, कुमामोतो, फुकुओका इकडची शेतकरी कुटुंबं. पुरुषाला महिन्याला नऊ डॉलर आणि जेवणाचे सहा. बाईला सहा आणि जेवणाचे चार.

कामाचे शब्द मी वहीत उतरवून घेतले. घोड्यावरून देखरेख करणारा तो 'लुना'. म्हणजे आपला मुकादम. उसाच्या मोळ्या वाहणं म्हणजे 'हापाई को'. आणि पाचट काढणं म्हणजे 'होले होले'. हे शब्द मूळ हवाईचे, पण जपानी बायकांच्या तोंडी इतके बसले की पाचट काढताना म्हणायच्या त्यांच्या गाण्यांनाही तेच नाव पडलं. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखीच ती गाणी, कुणा एकीने रचलेली नाहीत.

प्रत्येक मजुराला 'बांगो' असायचा, धातूचा बिल्ला, त्यावर नंबर. पगार नंबरावर, दुकानातली उधारी नंबरावर, हाकही नंबराने. माणसाचं नाव घ्यायला असा कितीसा वेळ लागतो? मला ते फार लागलं.

१९०८पासून जपानहून नवे मजूर येणं जवळजवळ बंद झालं, पण आधी आलेल्यांच्या बायकांना येता यायचं. मग मध्यस्थामार्फत फोटोंची देवाणघेवाण व्हायची. मुलीचं नाव नवऱ्याच्या घरच्या सरकारी नोंदवहीत चढलं की लग्न झालं. मग सहा महिने थांबून पासपोर्ट, आणि जहाज. १९२४ साली अमेरिकेने तीही वाट बंद केली. मधल्या वर्षांत हजारो मुली अशा आल्या. आंटींची आजी त्यांतलीच एक.

तिसरा दिवस, जाकीट

आंटींनी आधी हात धुतले, कोरडे केले, आणि कपाटातून एक पेटी काढली. वाळुंजाच्या कोवळ्या फांद्यांची विणलेली, झाकण पेटीइतकंच खोल. तिला 'कोरी' म्हणतात. आजी ही पेटी घेऊन १९१४ साली हिरोशिमाकडच्या एका खेड्यातून आली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आत पातळ पांढरा कागद, आणि कागदात ते जाकीट.

कापड गडद निळं, निळीत पुन्हा पुन्हा बुडवलेलं. त्यावर पांढऱ्या बारीक फुल्या, अधिकच्या खुणेसारख्या. पण कडा रेखीव नाहीत, ओल्या कागदावर शाई फुटावी तशा. या कापडाला 'कासुरी' म्हणतात. आपल्या पोचमपल्लीच्या इकतीची जी युक्ती तीच इथे आहे. विणायच्या आधी सुताच्या लडीला जिथे पांढरं राखायचं तिथे दोऱ्याने आवळून बांधायचं, मग रंगात बुडवायचं, आणि मागावर फुली बरोबर फुलीवर आणायची. हे कापड आजीच्या आईने घरच्या मागावर विणलं होतं.

आंटी म्हणाल्या, "हात लावा."

मी आधी बाहीच धरली. किमोनोची बाही खाली झोळीसारखी लोंबते, ही मात्र काटछाट करून अरुंद केलेली, मनगटाला चिकटून बसेल अशी. मनगटाशी फाटा दिलेला आणि बांधायला नाडी. खांद्यापासून मनगटापर्यंत माझ्या हाताने दोन वीत आणि चार बोटं. केवढीशी असेल ती मुलगी! काखेत वेगळ्या कापडाची कळी बसवलेली, हात वर करून पान ओढताना ताण येऊ नये म्हणून. डाव्या कोपरावर एक ठिगळ. उजव्या कोपरावर तीन, एकावर एक, आणि सगळ्यात वरचं जाड डेनिमचं. इथे डेनिमला 'आहिना' म्हणायचे. आत खांद्याला तांदळाच्या पोत्याचं अस्तर, त्यावर लाल छापील अक्षरांची पुसट खूण अजून आहे. शिवण पांढऱ्या जाड दोऱ्याची. तो दोराही विकतचा नाही, पोत्याच्या तोंडाची शिवण उसवून गुंडाळून ठेवलेला.

मी नाकाजवळ नेलं. डांबरगोळीचा वास आला, दुसरा कसला नाही. कुठेतरी मला पाचटाच्या वासाची आशा होती.

आजीची गोष्ट आंटींनी जाकिटाच्या घड्या उलगडत सांगितली. होनोलुलूच्या धक्क्यावर फोटोतला माणूस आजीला सापडेना, कारण फोटो बारा वर्षांपूर्वीचा होता. वाइपाहूच्या मळ्यावरच्या मजुरांच्या कॅम्पात ती पोहोचली त्याच संध्याकाळी शेजारची बाई कात्री घेऊन आली. म्हणाली, "परवापासून होले होले. ह्या बाह्यांनी पान ओढता येणार नाही."

इथे आंटींनी मला एक गोष्ट समजावून दिली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. किमोनो एका अखंड ताग्यातून होतो. तागा साधारण अकरा-बारा मीटर लांब, रुंदी जेमतेम एक हात. त्यातून सरळ पट्ट्याच काढायच्या, गोलाई कुठे नाही, कापड वाया नाही. पूर्वी धुवायच्या वेळी बायका सगळा किमोनो उसवायच्या, पट्ट्या धुऊन फळीवर ताणून वाळवायच्या आणि पुन्हा शिवायच्या. म्हणजे आजीला उसवण्याचं काही वाटलं नसेल. ते तर घरचंच काम. पण तिच्या आईने विणलेल्या कापडाला कात्री त्या रात्री पहिल्यांदा लागली. शेजारणीने कापलं, आजीने दिवा धरला.

"मग बाकीचं कापड?" मी विचारलं. बारा मीटर तागा, आणि जाकिटाला लागलं असेल फार तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं.

आंटींनी माझ्याकडे बघितलं. "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं," म्हणाल्या. "मला माहीत नाही."

चौथा दिवस, वाइपाहू

आंटी स्वतः गाडी चालवत घेऊन गेल्या. वाइपाहूला ओआहू शुगर कंपनीचा कारखाना होता, १८९७ ते १९९५. आता धुराडं तेवढं उभं आहे. जवळच 'हवाईज प्लँटेशन व्हिलेज' नावाचं संग्रहालय आहे. मळ्यावर राबलेल्या चिनी, पोर्तुगीज, जपानी, पोर्तोरिकन, कोरियन, फिलिपिनो, ओकिनावन, सगळ्यांची घरं तिथे उभी केली आहेत. पोर्तुगीज घराच्या अंगणात पावाची भट्टी, चिन्यांचं सामाईक स्वयंपाकघर, १९१४ सालचं इनारी देवतेचं लाल देऊळ.

जपानी घरात आंटी चपला काढून गुडघ्यांवर बसल्या आणि आजी पहाटे चारला उठून काय काय अंगावर चढवायची ते एकेक करून दाखवलं. आधी पोत्याच्या कापडाचा आतला कपडा. मग जाकीट. कमरेला आहिनाचा जाड घेर, वर घट्ट कमरपट्टा. पोटऱ्यांना 'क्याहान', म्हणजे गुंडाळायच्या पट्ट्या. पायात 'ताबी', अंगठा वेगळा असलेले कापडी जोडे, तेही घरीच शिवलेले. हाताच्या पाठीवर कापडी झाप. डोक्याला पांढरा रुमाल, चेहऱ्याभोवती असा की डोळे तेवढे उघडे, आणि वर गवती टोपी. भर उन्हात दहा तास हे सगळं अंगावर. कारण उसात कूस, गांधीलमाश्या, गोम आणि लाल धूळ. निळीच्या कापडाजवळ किडे येत नाहीत असा त्यांचा समज होता. आंटी म्हणाल्या, "आजी सांगायची, येतात. पण कमी येतात असं म्हणायचं."

पावसासाठी 'काप्पा'. मांजरपाटाचा अंगरखा शिवायचा, त्याला जवसाच्या तेलाचे हात द्यायचे आणि वाळवायचा, की पाणी आत शिरत नाही. आपलं इरलं पानांचं, त्यांचं तेलाचं.

बाळ झाल्यावर आजीने काही वर्षं कपडे धुण्याचंही काम केलं. कॅम्पात एकटे पुरुष पुष्कळ, त्यांचे लाल मातीने माखलेले कपडे रॉकेलच्या डब्यात साबण घालून उकळायचे आणि दांडक्याने बडवायचे. दिवसभर उसात, रात्री धुणं.

संग्रहालयातल्या मार्गदर्शक बाईंना मी उरलेल्या कापडाचं विचारलं. त्या हसल्या नाहीत, विचारात पडल्या. म्हणाल्या, बाहीची लोंबती झोळ कापली की दोन मोठे चौकोन निघतात. त्यांचं बाळाचं अंगडं व्हायचं, नाहीतर बाळ पाठीला बांधायचा पट्टा. त्यावरून पुढे बसायच्या चटईची खोळ, मग ठिगळं, मग पायपुसणं.

वाइपाहूतच झेंपान अराकावा यांचं दुकान होतं. ओकिनावाहून मजूर म्हणून आलेल्या या गृहस्थांनी १९०९ साली शिवणयंत्रावर सुरुवात केली. मजुरांना ताबी, जेवणाच्या डब्याच्या पिशव्या, कामाचे कपडे शिवून देत. पुढे 'पालाका' म्हणजे निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा शर्ट हीच त्यांच्या दुकानाची ओळख झाली. कारखाना बंद झाला त्याच वर्षी, १९९५ला, दुकानही बंद झालं. आंटींच्या घरी दोन पालाका आहेत. मी त्या चौकड्या बघत राहिले. दादांचा शर्टही निळ्या चौकड्यांचाच होता.

परतताना आंटी १९२०च्या संपाबद्दल बोलल्या. ओआहूच्या, म्हणजे होनोलुलूच्याच बेटावरच्या, मळ्यांवर जपानी आणि फिलिपिनो मजूर एकत्र उतरले होते. तेव्हा पुरुषाची हजेरी ७७ सेंट आणि बाईची ५८. मागण्यांमध्ये एक होती बाळंतपणाच्या पगारी रजेची. शंभर वर्षांपूर्वी उसातल्या बायांसाठी हे मागितलं गेलं होतं, आणि आमच्याकडे बीडच्या ऊसतोड बायका खाडा परवडत नाही म्हणून गर्भाशय काढून घेतात, हे मी आंटींना सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. बराच वेळ दोघी गप्प होतो.

मळेवाल्यांनी संपकऱ्यांना घरांतून बाहेर काढलं, बारा हजारांहून जास्त माणसं. वर फ्लूची साथ. आजी दोन मुलांना घेऊन होनोलुलूच्या एका देवळाच्या आवारात राहिली. अंगावर तेच जाकीट, कारण अंगावरचं आणि कोरीतलं, एवढंच बरोबर घेता आलं. संप फसला. आजी आणि तिचा नवरा मग मावी बेटावर गेले, पुउनेनेला.

पाचवा दिवस, मावी

सकाळच्या विमानाने मावी. आंटींना ओबोनसाठी, म्हणजे पितरांच्या सणासाठी, आजीच्या समाधीवर जायचंच होतं, त्यांनी मला बरोबर घेतलं.

पुउनेनेचा कारखाना डिसेंबर २०१६मध्ये थांबला. हवाईतला तो शेवटचा साखर कारखाना. समोर कारखान्याच्या अधिकाऱ्याच्या जुन्या घरात साखरेचं संग्रहालय आहे. बाहेर पडल्यावर मी शिवाराकडे बघत उभी राहिले. नजर पोचेपर्यंत एके काळी ऊस होता, आता लिंबाच्या जातीची झाडं लावत आहेत. वारा मात्र उसाच्या शिवारातला असतो तसाच होता. दिवसभर आणखी काही झालं नाही. झोप लागली नाही.

सहावा दिवस, पाइआ

पाइआ गावात समुद्राला लागून मांतोकुजी नावाचं झेन पंथाचं देऊळ आहे. मागे वाळूच्या उंचवट्यावर समाध्या, सगळ्या लाटांकडे तोंड करून. आंटींनी बादली, ब्रश, फुलं आणली होती. मी पदर खोचला आणि पाणी आणून दिलं.

दगड घासता घासता त्यांनी मला ते सांगितलं. ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरवर बाँब पडले. त्याच दिवसापासून भिक्षूंना, जपानी शाळांच्या मास्तरांना पकडून न्यायला लागले. घरोघरी जपानचं म्हणून जे जे होतं ते लोकांनी जाळलं, पुरलं. पत्रं, फोटो, झेंडे, किमोनो. आजीकडे लग्नातला काळा रेशमी किमोनो होता, पाच ठिकाणी घराण्याची खूण असलेला. तो तिने न्हाणीच्या चुलीत घातला. रेशीम लवकर जळत नाही, घाण वास येतो. आंटींची आई तेव्हा वीस वर्षांची, ती सांगायची की आजी काठीने ते आत लोटत राहिली आणि काही बोलली नाही. जहाजावरून निघताना काढलेला आईवडिलांचा फोटोही त्यातच गेला.

"आणि जाकीट?"

"जाकीट तिथेच खिळ्यावर टांगलेलं होतं, न्हाणीच्या दाराशी," आंटी म्हणाल्या. "ते जपानचं आहे असं कुणाच्या मनातच आलं नाही. आजीच्याही नाही. ते कामाचं होतं."

पुढे त्यांचा मामा अमेरिकेच्या सैन्यात गेला, जपानी पोरांच्याच पलटणीत. आजीने त्याच्यासाठी हजार टाक्यांचा पट्टा करवून घेतला, हजार बायकांनी एकेक गाठ मारायची असा. शेजारणी रात्री चोरून येऊन टाके घालून जायच्या. मामा परत आला. आजीला अमेरिकेचं नागरिकत्व घेता येईल असा कायदा १९५२ साली झाला, तोवर ती अडतीस वर्षं इथे राबली होती.

आंटींनी दगडावर ओंजळीने पाणी ओतलं. मीही ओतलं. ओबोन हा शब्द संस्कृत 'उल्लंबन' यावरून आला असं मानतात. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याला मेलेली आई भुकेली दिसली, तिच्या सुटकेसाठी त्याने अन्नदान केलं, तेव्हापासूनचा हा विधी. आपल्या पितृपक्षासारखाच. पाणी ओतताना माझ्या डोळ्यांपुढे त्यांची आजी नव्हती, माझी आई होती. आंटींना ते कळलं असावं.

दुपारी त्यांच्या चुलतभावाच्या घरी जेवलो. रात्री ओबोनचा नाच असल्यामुळे "जरा पडा" म्हणून त्यांनी मागच्या खोलीत एक जुनी गादी घालून दिली. मी कुशीवर झाले. गादीची खोळ गालाला लागत होती, खूप धुतलेल्या सुताची मऊ. तुकड्यातुकड्यांची होती. डोळ्यांपासून चार बोटांवर फिकट निळा तुकडा. त्यावर पांढऱ्या फुल्या, कडा फुटलेल्या.

मी उठून बसले. हात फिरवून बघितलं. एक चौकोन पूर्ण, दुसरा अर्धा. पूर्ण चौकोनाच्या दोन बाजूंना जुनी शिवण उसवल्याची बारीक भोकं, ओळीने. बाहीची झोळ.

आंटींना हाक मारली. त्या आल्या, गुडघ्यांवर बसल्या, चष्मा वर केला आणि कापडाच्या अगदी जवळ तोंड नेलं. मग पाठ वळवून चुलतभावाला म्हणाल्या, "ही गादी किती वर्षं इथे आहे?" तो म्हणाला, "नेहमीच होती. कुत्रा झोपायचा हिच्यावर."

रात्री देवळाच्या अंगणात कागदी कंदील लागले. मधल्या मचाणावर ढोल, भोवती माणसांची रिंगणं. युकाता, म्हणजे साधा सुती किमोनो, घातलेल्या म्हाताऱ्या, बर्म्युडा घातलेली पोरं, हवाईयन, फिलिपिनो, गोरे, सगळे एकाच हातवाऱ्यात. आंटींनी मला आत ओढलं. चुकत चुकत दोन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीला हात आपोआप यायला लागले. नाचताना त्यांच्या बाहीकडे लक्ष जात होतं माझं, रुंद आणि झुलणारी, न कापलेली.

सातवा दिवस

होनोलुलूला परतलो. चुलतभावाने खोळ काढून दिली, आंटी ती मांडीवर घेऊन विमानात बसल्या होत्या. घरी आल्यावर जाकीट आणि खोळ टेबलावर शेजारी ठेवली. जाकिटाची निळी गडद, खोळीची आभाळासारखी झालेली. एकाच मागावरची आहेत हे फुल्यांवरूनच कळत होतं. एका संग्रहालयाने जाकीट मागितलं आहे, आंटींनी अजून होकार दिलेला नाही. द्यावं असं मला वाटतं, पण खोळीसकट. आणि तसं मी त्यांना सांगितलं.

संध्याकाळी गावी फोन लावला. तिकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ. वहिनीने उचलला, मागे पत्र्यावर पावसाचा आवाज.

"आईची पैठणी आहे ना गं?" मी विचारलं.

"आहे की. मलमलीत बांधून ठेवलीय. का गं?"

"आणि दादांचा तो शर्ट? निळ्या चौकड्यांचा. उसात जाताना घालायची ती."

वहिनी थांबली. "कुठला गं? अगं, किती वर्षं झाली. पोतेरं झालं असेल त्याचं."

मी काही बोलले नाही.

"थांब," ती म्हणाली. "माळ्यावर आत्यांच्या गोधड्यांचं गाठोडं आहे, तसंच बांधलेलं. पाऊस उघडला की उन्हात टाकते आणि बघते. निळ्या चौकड्या ना?"

"हो. बाह्या बघ आधी."